दिवा लावला कोणी?

डिसेंबर लागला की ल्यों शहराचे व्हिडिओ मोबाइलवर येऊन आदळतात. फ्रान्समधलं हे शहर. तिथल्या कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीवर फुलं उमलतात, खांब डोळ्यांदेखत कोसळतात, पुन्हा उभे राहतात. खाली माणसांची दाटी. प्रत्येकाचा हात वर, हातात मोबाइल. व्हिडिओ खरा आहे. उत्सव मात्र त्यात आलेला नाही.

उत्सव त्याच चौकात, जरा वर आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत.

तिथे काचेच्या छोट्या पेल्यात एक मेणबत्ती तेवत असते. ल्योंचे लोक तिला ल्युमिन्यों म्हणतात. तिच्यासमोर कोणी सेल्फी काढत नाही, तिचा व्हिडिओ कोणी पाठवत नाही. आणि तिच्यापासूनच हा सगळा खटाटोप सुरू झाला होता, हे चौकातल्या किती जणांना ठाऊक असतं?

गोष्ट 1852 सालची. सोन नदीच्या काठावर फूर्व्हिएर नावाची टेकडी आहे. टेकडीवर जुनं चॅपल. त्याच्या मनोऱ्यावर मेरीमातेचा सोनेरी पुतळा बसवायचं ठरलं. शिल्पकार जोसेफ-ह्यूग फाबिश. मुहूर्त धरला 8 सप्टेंबरचा. पण सोनला पूर आला, पाणी शिल्पकाराच्या कार्यशाळेत शिरलं आणि मुहूर्त हुकला.

नवी तारीख ठरली, 8 डिसेंबर. त्या दिवशी वादळ. आतषबाजीची सगळी तयारी होती, ती गुंडाळायची वेळ आली. मान्यवर चिंतेत, कार्यक्रम पाण्यात. संध्याकाळी आभाळ निवळलं. लोकांनी आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या आणि गाणी म्हणत रस्त्यावर उतरले.

कार्यक्रम बुडता बुडता राहिला. उत्सव तिथून सुरू झाला.

आता ल्योंला गेलात तर कोणी ना कोणी तुम्हाला प्लेगची गोष्ट सांगेल. 1643 साली प्लेग आला, नगरपित्यांनी मेरीमातेला नवस केला, शहर वाचलं, म्हणून हे दिवे. नवस खरा आहे. पण त्या नवसाची यात्रा सप्टेंबरात निघते, आजही निघते. डिसेंबरचे दिवे 1852 चे. दोन गोष्टींची एक केली की सांगायला सोपं जातं. खरं सांगायला एकच वाक्य जास्त लागतं, तेवढंही कोणी खर्च करू नये?

मग हा दिवस नेमका कोणाचा? चर्च म्हणतं, मेरीमातेचा. दर वर्षी टेकडीवर ‘धन्यवाद, मेरी’ अशी फ्रेंच अक्षरं उजळतात. पालिका म्हणते, प्रकाशकलेचा. हॉटेलवाले म्हणतात, वर्षातल्या सर्वात चढ्या भाड्याचा. जुने ल्योंकर त्याला नुसतं ‘आठ डिसेंबर’ म्हणतात आणि पेले पुसायला घेतात.

पालिकेला दोष देऊन मोकळं होता येत नाही. तिने काम विचाराने केलं. 1989 साली ल्योंने शहराचा प्रकाश-आराखडा केला. कुठली इमारत, कुठला पूल, नदीचा कुठला काठ, कोणत्या उजेडात दिसावा, याचा शहरभराचा एकत्र विचार. दिवे म्हणजे खांबावर टांगायची वस्तू, एवढीच समजूत असलेल्या नगररचनाकारांना हे नवीन होतं. 1999 पासून आठ डिसेंबरच्या भोवती बहुरात्री महोत्सव उभा राहिला. एका संध्याकाळच्या हल्ली चार रात्री झाल्या आहेत.

शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर. चार रात्रींत येणारे सुमारे वीस लाख.

तिकीट नाही, पास नाही, व्हीआयपींसाठी सोफे मांडलेला पहिला भाग नाही. खर्चाचा मोठा वाटा प्रायोजक कंपन्या उचलतात. बड्या कंपनीचा संचालक आणि बसचा चालक एकाच दाटीत धक्के खातात. आपल्याकडे चौकातल्या ऑर्केस्ट्रालाही पुढच्या रांगेत ‘राखीव’चा कागद लागतो. तिथे लागत नाही, आणि कोणाची प्रतिष्ठाही कमी होत नाही.

कंपन्या पैसे का देतात? धंदा आहे म्हणून. ल्यों आज नागरी प्रकाशयोजनेचं मोठं केंद्र आहे. प्रकाशाचा विचार करणाऱ्या शहरांची ‘लुसी’ नावाची आंतरराष्ट्रीय संघटना 2002 साली तिथेच सुरू झाली. भिंतीवर जे हलतं ती कला आहे आणि जाहिरातही आहे. दोन्ही असायला हरकत नाही. पण मग त्यावर ‘दीडशे वर्षांची परंपरा’ असं लेबल लावू नये. मेणबत्तीचं वय प्रोजेक्टरला चिकटवायचं कशाला?

आता चौकात चला. प्लास दे तेरो. एका बाजूला टाउन हॉल, दुसऱ्या बाजूला कलासंग्रहालय आणि तिथेच घोड्यांचं कारंजं, अमेरिकेतला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा घडवणाऱ्या बार्थोल्दीचंच. इमारतींच्या भिंती एकदम जिवंत होतात. काही मिनिटांचा खेळ, संपला की पुन्हा पहिल्यापासून. भव्य आहे, नाकारण्यात अर्थ नाही. लहान मूल खांद्यावर बसून टाळ्या पिटतं, त्याच्या आजीचा श्वास अडकतो. दोघांनाही खरोखर काहीतरी मिळतं.

ज्याने सगळा खेळ पडद्यातून पाहिला, त्याला काय मिळतं?

गर्दी एकाच दिशेने सरकते. या रस्त्याने आत, त्या रस्त्याने बाहेर. आवडलं म्हणून मागे फिरायची सोय नाही. मध्यवस्तीतली काही मेट्रो स्थानकं महोत्सवाच्या तासांत बंद ठेवतात. दोन नद्यांच्या मधला शहराचा अरुंद भाग, वाऱ्याला धार, पायाखाली दगडी फरशी. हातात मसाला घातलेल्या गरम वाइनचा पेला, तो गार व्हायच्या आत पुढचा चौक येतो. चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून माणसांचा प्रवाह आखणं ही मोठी विद्या आहे आणि ल्योंला ती येते. जत्रा, रेल्वे पूल आणि स्टेडियमच्या फाटकांवर माणसं गमावलेल्या देशातल्या पाहुण्याने भिंतीआधी ही व्यवस्था पाहावी. दोरी कुठे बांधली आहे, पोलिस कुठे उभा आहे, वळण कुठे मोकळं ठेवलं आहे. फोटो काढायचाच असेल तर त्याचा काढा आणि आपल्या नगरसेवकाला पाठवा.

आणि मग मान वर करा.

ल्युमिन्यों जवळून पाहिली पाहिजे. मेणबत्ती बोटभर उंचीची, जाडसर, अंगाला उभ्या चुण्या. पेला जाड काचेचा, कधी साधा, कधी निळा, लाल, हिरवा. ज्योत पेल्याच्या तोंडाखाली राहते, म्हणून वाऱ्यात टिकते. काचेतून उजेड पसरतो, म्हणून एवढीशी ज्योत खालच्या रस्त्यावरून दिसते. नोव्हेंबर संपता संपता दुकानांत मेणबत्त्यांची पाकिटं येतात. पेले मात्र घरचेच, वर्षानुवर्षांचे. तळघरातल्या खोक्यातून ते बाहेर निघतात, धुतले जातात, अंधार पडला की खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडले जातात. एखादी ज्योत विझली की घरातलं पोर काडी घेऊन धावतं. पुन्हा विझली, पुन्हा धावतं. अर्ध्या रात्रीत मेण संपतं आणि खिडकी काळी होते.

यात पाहण्यासारखं काय आहे? काही नाही. यात करण्यासारखं आहे.

दर वर्षी एखाद्या सेवाभावी संस्थेसाठीही ल्युमिन्यों विकल्या जातात. एक मेणबत्ती घ्या, पैसे संस्थेला. कोणाच्या नावाची पाटी नाही, धनादेशाची मोठी प्रतिकृती नाही, मंचावर फोटो नाही. तरी पैसे जमतात.

मात्र सगळं आलबेल आहे असं समजू नका. जुन्या ल्योंमधल्या गल्ल्या 1998 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. तिथल्या ज्या फ्लॅटमध्ये चार रात्रींचा पाहुणा उतरतो, त्याच्या खिडकीत दिवा कोण लावणार? मालक दुसऱ्या वस्तीत, पाहुणा खाली चौकात. जिथे पर्यटक सर्वात जास्त, तिथेच खिडक्या विझायचा धोका सर्वात जास्त. दिवे पाहायला आलेली गर्दीच दिवे लावणाऱ्याचं घर भाड्याने घेते.

याला उपाय प्रोजेक्टरवाल्याकडे नाही.

खिडकीत किती बळ आहे, ते 2015 साली कळलं. 13 नोव्हेंबरला पॅरिसमध्ये दहशतवादी हल्ले झाले. महिना उलटायच्या आत वीस लाख माणसं रस्त्यावर आणणं शक्य नव्हतं. महोत्सव रद्द झाला. प्रोजेक्टर आले नाहीत, मंच उभे राहिले नाहीत. पालिकेने एवढंच म्हटलं की आठ तारखेला बळी गेलेल्यांच्या स्मरणार्थ खिडक्यांत दिवे लावा. शहराने लावले. पुढच्या वर्षी महोत्सव परतला तो तीनच रात्रींचा, आखडलेल्या परिघात, कडक तपासणीत. 2020 मध्ये कोविडमुळे पुन्हा रद्द. पुन्हा खिडक्या उजळल्या.

महोत्सव रद्द करायला एक आदेश पुरला. खिडकीपर्यंत तो आदेश पोचतच नाही.

आता मुंबईचा धागा. तो ओढूनताणून आणलेला नाही. सिनेमाचे जनक ल्युमिएर बंधू ल्योंचेच. 1895 साली त्यांनी आपल्या कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणारे कामगार चित्रित केले. कारखान्याच्या त्या रस्त्याचं नावच आज ‘पहिल्या चित्रपटाचा रस्ता’ असं आहे. डिसेंबर 1895 मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये पैसे घेऊन खेळ दाखवला आणि 7 जुलै 1896 रोजी तोच उजेड मुंबईत वॉटसन हॉटेलमधल्या पडद्यावर पडला. म्हणजे पॅरिसनंतर सात महिन्यांच्या आत.

ते खेळ पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, पेटून उठले. नुसते पाहून घरी गेले नाहीत. कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. उजेड पाहायला आलेल्या माणसाने स्वतःचा उजेड पाडला, तिथे आपल्या सिनेमाची सुरुवात आहे. आज ती वॉटसनची इमारत काळा घोड्याला मोडकळीला आलेली उभी आहे. 1999 पासून दर हिवाळ्यात तिच्या शेजारीच कलामहोत्सव भरतो, लाखो पावलं जवळून जातात. ल्योंने कारखान्याची उरलेली शेड जपली आणि तिथे ल्युमिएर संस्था चालवली. आपण काय जपलं?

पण आपल्याला दिव्यांची हौस नाही, असं कोण म्हणेल? गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या शहरांना प्रकाशाचं वेड लागलंय. पुलाला पट्ट्या, दुभाजकाला पट्ट्या, खांबाला तिरंगी पट्ट्या, झाडांना माळा. खातं एकच: सुशोभीकरण. पहिले दोन महिने झगमगाट, मग अर्धी पट्टी बंद, उरलेली थरथरते. शेजारच्या गल्लीत पदपथावरचा साधा दिवा बंद आहे म्हणून बायका मोबाइलचा टॉर्च लावून घरी जातात, त्याची तक्रार मात्र प्रलंबित.

झाडांचं तर विचारूच नका. खोडाला तारा आवळायच्या, सालीत खिळे ठोकायचे, पाखरांची रात्र काढून घ्यायची आणि वर म्हणायचं शहर सुंदर झालं. झाडांवरच्या या रोषणाईचा वाद शेवटी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. झाडाला दिवा लागत नाही, हे सांगायला न्यायालय लागावं?

ल्योंचा महोत्सव चार रात्री चालतो आणि मग प्रोजेक्टर निघून जातात. भिंत पुन्हा भिंत होते. आपल्याकडे एकदा चढलेली माळ जळून जाईपर्यंत उतरत नाही. रोज दिवाळी असेल तर दिवाळीला काय करायचं?

ल्योंच्या नकला आता इथेही येऊ लागल्यात. किल्ल्याच्या भिंतीवर लेझर, मंदिराच्या शिखरावर प्रोजेक्शन, तलावात संगीत-कारंजं. निविदा निघते, यंत्रं येतात, उद्घाटन होतं. यंत्रं आणणं सोपं आहे, त्याला पैसा लागतो. त्या प्रोजेक्टरच्या मागे ज्या खिडक्या उभ्या आहेत, त्या निविदेत बसत नाहीत.

दुःख याचं आहे की आपल्याकडे त्या होत्या. आहेत.

कार्तिकातली त्रिपुरी पौर्णिमा आठवा. थंडीची चाहूल लागलेली असते, दिवाळी संपून पंधरा दिवस झालेले असतात. देवळासमोरची दगडी दीपमाळ वर्षभर निमूट उभी असते, त्या रात्री ती पायथ्यापासून टोकापर्यंत पेटते. शिडी लावून, हाताने, एकेका कोनाड्यात तेल ओतून. घराघरांत बायका त्रिपुरवात जाळतात. कोल्हापुरात पहाटेच्या काळोखात पंचगंगेच्या घाटावर हजारो पणत्या लागतात; तरुण मंडळांची पोरं ओणवी होऊन पायरी पायरीवर वाती सारखी करतात, हातांना तेल, डोळ्यांत झोप. गोव्यात साखळीजवळच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीवर सजवलेल्या होड्या दिवे घेऊन उतरतात. कागद, बांबू, लाकूड, गावातल्याच हातांनी जोडलेलं.

यातलं काहीही ल्योंपेक्षा तसूभर कमी नाही. उजेड तोच, लावणारे हातही तसेच.

मग धोका कुठे आहे? तो मंचावरून येतो. घाटावर आधी ध्वनिक्षेपक येतो, मग कमान, मग कमानीवर हात जोडलेला फोटो. पणती लावायला आलेली बाई मागे सरकते, कारण पुढे कॅमेरा उभा असतो. पुढच्या वर्षी ती पाहायलाच येते. त्याच्या पुढच्या वर्षी घरी बसून मोबाइलवर पाहते. लावणारा असाच हळूहळू प्रेक्षक होतो, आणि कोणी त्याला हाकललेलंही नसतं.

सोसायट्यांमध्ये हे झालेलंच आहे. दिवाळीला इमारतीच्या गच्चीवरून तळमजल्यापर्यंत माळांचा पडदा सोडतात. वर्गणी घरटी, काम कंत्राटदाराचं, बटण वॉचमनचं. पडद्याआड कोणाच्या खिडकीत पणती आहे आणि कोणाच्या नाही, हे समोरच्या इमारतीला कळत नाही. कळायची गरजही राहत नाही. बारा मजल्यांवर एकसारखा उजेड, आणि त्यातला एकही आपण लावलेला नाही. मुलांना काडी ओढायची भीती वाटते, कारण ती कधी त्यांच्या हातात दिलेलीच नाही.

सबब तयार असते: आग लागेल. बरोबर, उघडी पणती पडद्याजवळ ठेवू नये. ल्योंनेही ती ठेवली नाही, जाड काचेच्या पेल्यात ठेवली. आपल्या घरात जाड काचेचा ग्लास नाही? ग्रिलमधली वाळत घातलेली चादर एका रात्रीपुरती आत घेता येत नाही?

ल्योंला जायचं असेल तर जरूर जा. आपल्या युरोप टूर पॅरिसहून थेट स्वित्झर्लंड गाठतात आणि हे शहर वाटेतच राहून जातं. पॅरिसहून वेगवान गाडीने ते दोन तासांवर आहे. खोली काही महिने आधीच घ्या, नाहीतर शहराबाहेर राहावं लागेल. गरम कपडे न्या. तारखा निवडताना शनिवार-रविवार बघू नका, आठ डिसेंबर बघा. बाकीच्या रात्री पालिकेच्या, ती रात्र लोकांची. तेरो आणि कॅथेड्रलचे चौक एकदा बघून घ्या आणि मग क्रुआ-रूसची टेकडी चढा. एकेकाळी रेशीम विणणाऱ्यांची ही वस्ती. माग उभे राहावेत म्हणून बांधलेली उंच छतांची घरं, उंचच उंच खिडक्या. गल्लीत शिरा, मोबाइल खिशात टाका, वर बघत चाला. एखाद्या खिडकीत कोणीतरी वाकून विझलेली ज्योत पेटवत असेल. तेवढ्यासाठी गेलं तरी भाडं वसूल आहे.

आणि जाणं जमणार नसेल, तर त्याची हळहळ नको. जे तिथे पाहायचं ते इथे करता येतं, आणि त्याला व्हिसा लागत नाही. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये एवढा एकच विषय घ्या: त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री आठ ते नऊ माळा बंद, घरटी एक दिवा, काचेच्या ग्लासात, रस्त्याकडच्या खिडकीत. काडी घरातल्या सर्वात लहान मुलाच्या हाती द्या आणि शेजारी उभे राहा.